तुतनखामन गेल्यावरचं तहरीर

कैरोला जाणारे बहुतेक जण आता आधी गीझाच्या नव्या संग्रहालयाचं तिकीट काढतात. ते योग्यच आहे. १ नोव्हेंबर २०२५ रोजी ग्रँड इजिप्शियन म्युझियमचं रीतसर उद्घाटन झालं आणि तुतनखामनच्या थडग्यातल्या पाच हजारांहून अधिक वस्तू पहिल्यांदाच एका जागी मांडल्या गेल्या. त्याआधी, ३ एप्रिल २०२१ रोजी, १८ राजे आणि ४ राण्या अशा २२ ममी मिरवणुकीने फुस्तात भागातल्या राष्ट्रीय संस्कृती संग्रहालयात हलवल्या होत्या. सोन्याचा मुखवटा गेला, ममी गेल्या, मग तहरीर चौकातल्या त्या जुन्या गुलाबी इमारतीत, म्हणजे जुन्या इजिप्शियन म्युझियममध्ये, पाहायचं काय, असा प्रश्न हमखास येतो.

पाहायची ती शिल्पं. साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या शिल्पकलेचा इतका दाट संग्रह दुसरीकडे नाही, आणि आता वरच्या मजल्याकडे धावणारी गर्दी ओसरल्यामुळे एकेका पुतळ्यापुढे दहा मिनिटं उभं राहता येतं. या इमारतीची खरी ओळख व्हायची वेळ आत्ता आली आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. मात्र पाहायची पद्धत थोडी बदलावी लागते.

आधी जाण्यायेण्याचं. मेट्रोच्या पहिल्या आणि दुसऱ्या मार्गिकेवरचं सादात स्थानक तहरीर चौकाखालीच आहे, तिथून संग्रहालय पायी काही मिनिटांवर. तिकिटासाठी बँकेचं कार्ड जवळ ठेवा. नुसती रोकड घेऊन गेलेल्यांची खिडकीवर पंचाईत होते. मोबाइलने फोटो काढू देतात, फ्लॅश चालत नाही आणि तिकाटणं आत नेता येत नाही. सहलीच्या बस सकाळी दार उघडतानाच येतात आणि पहिले दोन-अडीच तास तळमजल्यावर गराडा असतो. दुपारच्या जेवणाच्या वेळेला तो पांगतो. पण फार उशीरही करू नका, कारण ही इमारत १९०२ ची आहे आणि मार्सेल दुर्नों या फ्रेंच वास्तुविशारदाने ती छतातून आणि उंच खिडक्यांतून येणाऱ्या उजेडाचा विचार करून बांधली. हिवाळ्यात चारनंतर हा उजेड मंदावतो आणि कोरीव अक्षरं भिंतीत विरघळल्यासारखी दिसेनाशी होतात. साडेबारा ते साडेतीन ही सगळ्यात चांगली वेळ.

आत जाण्याआधी अंगणात पाच मिनिटं थांबा. समोरच्या हौदात पपायरस लावलेला आहे. त्याचा तुरा, त्रिकोणी देठ, छत्रीसारखा पसरलेला माथा नीट पाहून ठेवा, कारण पुढचे तीन तास ही वनस्पती तुम्हाला दगडात, लाकडात आणि रंगात सारखी भेटणार आहे. डाव्या हाताला ओग्युस्त मारिएतची समाधी आहे. इजिप्तच्या पुरातत्त्व खात्याची घडी याच माणसाने १८५८ पासून बसवली आणि १८६३ मध्ये बूलाक इथे पहिलं संग्रहालय उघडलं. १८७८ च्या नाईलच्या पुरात ते पाण्याखाली गेलं. पुढे संग्रह गीझाच्या राजवाड्यात आणि तिथून इथे आला.

तळमजल्याची मांडणी कालक्रमाने आहे आणि ती घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरते. म्हणजे दारातून आत गेल्यावर डावीकडे वळायचं. डावा हात प्राचीन राज्याचा, म्हणजे पिरॅमिडांच्या काळाचा, मागची बाजू मध्य आणि नवीन राज्याची, उजव्या हाताने परत येता येता उत्तरकाळ आणि ग्रीक-रोमन काळ. बहुतेकांचं इथेच चुकतं. समोर मधल्या चौकाच्या टोकाला आमेनहोतेप तिसरा आणि राणी तीये यांचे सुमारे सात मीटर उंच बसलेले पुतळे दिसतात, पाय आपोआप तिकडे वळतात, आणि मग कालक्रम उलटासुलटा होऊन सगळे राजे एकसारखेच वाटू लागतात. तीन तास असतील तर दोन तास तळमजल्याला द्या, त्यातला निम्मा वेळ एकट्या डाव्या हाताला.

सुरुवात नार्मेरच्या पाटीपासून करा. दक्षिण आणि उत्तर इजिप्त एका राज्यात आणणारा राजा म्हणून तो ओळखला जातो. सुमारे ६४ सेंटिमीटर उंचीची, करड्या-हिरव्या दगडाची ही ढालीसारखी पाटी, इ.स.पू. ३१०० च्या सुमाराची. १८९७-९८ च्या उत्खननात दक्षिण इजिप्तमधल्या हिराकोनपोलिस इथे सापडली. अशा पाट्या डोळ्यांना लावायचा रंग वाटायला वापरत. हिच्या एका बाजूला लांब मानेचे दोन प्राणी एकमेकांत माना गुंफून उभे आहेत, त्या मानांच्या मधला गोल खळगा म्हणजे रंग वाटायची जागा. म्हणजे तीच पुढची बाजू. पेटीला फेरी मारून दोन्ही बाजू पाहायच्या, कारण सगळी गंमत टोपीत आहे. मागच्या बाजूला राजाच्या डोक्यावर दक्षिणेचा उंच पांढरा मुकुट आहे आणि तो गदा उगारून उभा आहे. पुढच्या बाजूला तोच राजा उत्तरेचा लाल मुकुट घालून चालतो आहे आणि त्याच्यासमोर दहा शत्रूंची धडं दोन रांगांत पडली आहेत. वाकून पाहा: कापलेली मुंडकी त्यांच्याच पायांमध्ये ठेवली आहेत. दोन्ही बाजूंना अगदी वर, गाईच्या कानांच्या दोन चेहऱ्यांमध्ये, एक चौकट आहे. तिच्यात मिशांचा मासा आणि खाली छिन्नी. मासा म्हणजे ‘नार’, छिन्नी म्हणजे ‘मेर’. चित्रलिपीतला पहिला शब्द तुम्ही वाचलात.

पुढे डाव्या दालनांत खाफ्रे, गीझाच्या दुसऱ्या पिरॅमिडचा राजा. १८६० मध्ये मारिएतला गीझाच्या दरी-मंदिरातल्या (पिरॅमिडच्या पायथ्याकडच्या मंदिरातल्या) खड्ड्यात सापडलेला हा पुतळा १६८ सेंटिमीटर उंच आहे. पुस्तकांत दगडाचं नाव बरेचदा डायोराइट दिलेलं असतं, पण हा नाइस या पट्टेदार खडकाचा प्रकार आहे, आणि तो आला आहे अबू सिंबेलच्या वायव्येला वाळवंटात असलेल्या गेबेल अल-असरच्या खाणीतून. नदीमार्गाने गीझा तिथून हजार किलोमीटरच्या आसपास. एवढ्या लांबून हा दगड का आणला, ते उन्हाचा कवडसा पडल्यावर कळतं. त्यात निळसर झाक उमटते. समोरून पाहणाऱ्याला राजा एकटा दिसतो. दोन पावलं बाजूला सरका, मग मानेमागून पंख पसरून डोकं कवेत घेतलेला ससाणा, म्हणजे होरस देव, दिसू लागतो. शिल्पकाराने तो मुद्दाम असा बसवला आहे की समोरून त्याचा पत्ता लागू नये. नंतर खाली बसून आसनाची बाजू पाहा. पपायरस आणि दक्षिणेची लिलीसारखी वनस्पती एका उभ्या खांबाला गाठ मारून बांधल्या आहेत. तो खांब म्हणजे फुप्फुसं आणि श्वासनलिका, ‘सेमा’ म्हणजे जोडणे या शब्दाचं चिन्ह. दोन देशांची गाठ. अंगणातला पपायरस इथे ओळखता येतो.

हे सगळं लोखंडाशिवाय झालं आहे, हे लक्षात ठेवून पुन्हा एकदा पाहा. तांब्याच्या छिन्नीने चुनखडी कोरता येते, पण अशा कठीण दगडापुढे तांबं दुमडतं. म्हणून डोलेराइट या त्याहून चिवट दगडाच्या गोट्यांनी ठेचून ठेचून ढोबळ आकार काढायचा, तांब्याच्या पात्याखाली गारेची वाळू घालून दगड चिरायचा, पोकळ नळीने भोकं पाडायची आणि शेवटी दगडानेच घासून चकाकी आणायची. कापायचं काम वाळू करते, तांबं तिला फक्त फिरवतं. गुडघ्याची वाटी, पिंढरीचा स्नायू, बरगडीखालचा सखल भाग इतके मऊ दिसतात, ते ठेचण्याचं आणि घासण्याचं काम आहे.

गीझाच्या तिसऱ्या पिरॅमिडचा राजा मेनकाउरे, त्याचे त्रिमूर्ती पुतळे जवळच असतात. १९०८ मध्ये अमेरिकन पुरातत्त्वज्ञ रायस्नरला मेनकाउरेच्या दरी-मंदिरात चार अखंड त्रिमूर्ती सापडल्या, तीन इथे आहेत आणि एक बॉस्टनला. मधे राजा, एका बाजूला हाथोर देवी, दुसऱ्या बाजूला एखाद्या प्रांताची देवता. प्रांत ओळखायचा तो तिसऱ्या आकृतीच्या डोक्यावरच्या चिन्हावरून. तिन्ही शेजारी शेजारी पाहायला मिळतात तेव्हा चेहरे तपासा: देवीला राजाचाच चेहरा दिला आहे. राजाचा डावा पाय पुढे. हा नियम उभ्या पुरुष-पुतळ्यांना शेकडो वर्षं लागू राहिला. स्त्रियांचे पाय साधारणपणे जुळलेले किंवा किंचितच पुढेमागे असतात. आणि हात व धड यांच्यामधला दगड तसाच ठेवला आहे, पाठीमागे जाड पट्टा आहे. दगडाचा सुटा हात पहिल्या धक्क्याला मोडतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

लाकडाचं तसं नाही, आणि ते बघायला का-आपेर या अधिकाऱ्याच्या पुतळ्यापुढे जायचं. साक्कारात १८६० मध्ये हा पुतळा बाहेर आला तेव्हा खणणाऱ्या मजुरांना तो हुबेहूब आपल्या गावचा मुखिया वाटला, म्हणून त्याचं नाव पडलं शेख अल-बलद. उंची ११२ सेंटिमीटर, लाकूड उंबराच्या जातीचं. हात वेगळे कोरून खांद्यात खुंटीने बसवले आहेत, सांधा उघड्या डोळ्यांनी दिसतो. पूर्वी वर गिलाव्याचा पातळ थर आणि रंग होता, तेव्हा तो झाकलेला असे. हातातली काठी आणि पावलं मात्र नंतरची आहेत. अशा गोष्टी पाटीवर लिहिलेल्या नसल्या तरी लाकडाच्या रंगावरून ओळखता येतात.

खरी नजर ठरते ती डोळ्यांवर. तांब्याची कड, पांढऱ्या दगडाचं बुबुळाभोवतीचं पांढरं, आणि त्यावर स्फटिकाचा तुकडा. या तुकड्याचा पुढचा भाग फुगीर घासलेला आहे, मागचा सपाट, आणि त्या सपाट भागाच्या मध्यावर छोटा खळगा करून तो काळा केला आहे. तीच बाहुली. स्फटिक भिंगाचं काम करतो आणि तुम्ही बाजूला सरकलात की बाहुलीही तुमच्या मागे सरकल्यासारखी वाटते. करून पाहण्याची रीत सोपी आहे: पुतळ्याच्या डोळ्यांच्या उंचीवर आपले डोळे आणा, म्हणजे थोडं वाका, आणि दीड मीटर अंतर ठेवून सावकाश डावीकडून उजवीकडे चाला. उभ्याने, वरून खाली पाहिलं तर हा परिणाम निम्मा होतो.

राजपुत्र राहोतेप आणि त्याची बायको नोफ्रेत यांच्या पुतळ्यांपुढेही हेच करा. १८७१ मध्ये मैदूमच्या थडग्यात शिरलेले मजूर मेणबत्तीच्या उजेडात हे डोळे चमकलेले पाहून घाबरून पळाले, असं सांगतात. चुनखडीच्या या जोडीवरचा रंग साडेचार हजार वर्षांनंतरही टिकून आहे. तो तांबूस, ती फिकट पिवळी. हा त्या काळचा ठरलेला संकेत, पुरुष उन्हात आणि स्त्री सावलीत. राहोतेपची बारीक मिशी सगळ्यांना दिसते. नोफ्रेतच्या कपाळाकडे मात्र फार थोड्यांचं लक्ष जातं. जड केसांच्या टोपाखाली, कपाळावर, तिचे स्वतःचे मधोमध भांग पाडलेले केस रंगवले आहेत. टोप डोक्यावर घातलेला आहे, हे दाखवायला तेवढी एक पट्टी पुरली. काचेमुळे ती दिसत नसेल तर मोबाइलचं भिंग काचेला अगदी चिकटवा आणि हाताने बाजूचा उजेड अडवा. चमक येते ती काच आणि भिंग यांच्यात राहिलेल्या फटीतून.

आता लिपीचं. सगळं वाचता येणं दूरची गोष्ट, पण चार-पाच खुणा ओळखल्या तर निम्मे शिलालेख बोलायला लागतात. दिशा आधी ठरवा: माणसं आणि प्राणी ज्या बाजूला तोंड करून आहेत तिकडून वाचायला लागायचं. थडग्यातल्या दगडी पाट्यांवर पहिल्या ओळीच्या सुरुवातीला बहुधा तीन चिन्हं सापडतील: लव्हाळ्याचं रोप, चटईवर ठेवलेली भाकरी, आणि टोकदार त्रिकोणी भाकरी. ‘हेतेप दी नेसू’, राजाने दिलेलं दान. त्यानंतर देवाचं नाव येतं, बरेचदा मृतांचा देव ओसिरिसचं, ज्यात आसन आणि डोळा दिसतो. मग यादी. कमळाच्या पानाचं देठासकट चित्र म्हणजे एक हजार. त्याच्या जवळ भाकरी, बिअरचं मडकं, बैलाचं डोकं, पक्ष्याचं डोकं, अलाबास्टरची बरणी, कापडाची पट्टी. हजार भाकरी, हजार मडकी बिअर, हजार बैल, हजार पक्षी. यादी संपली की वर उचललेले दोन हात शोधा. ते ‘का’, माणसाची जीवनशक्ती, आणि त्याच्या पुढचं नाव म्हणजे ज्याच्यासाठी हे सगळं मागितलं आहे ती व्यक्ती. कितीतरी पाट्यांवर जाणाऱ्या-येणाऱ्याला विनंती कोरलेली असते, की हे शब्द उच्चार, तुझा खर्च फक्त तोंडच्या वाफेचा आहे. म्हणून नाव सापडलं की ते हळू आवाजात उच्चारावं, असं मला मनापासून वाटतं.

राजांची नावं लंबगोल दोरीच्या चौकटीत असतात. चौकटीआधी लव्हाळा आणि मधमाशी असेल तर ते राज्यारोहणाचं नाव, बदक आणि सूर्याची चकती असेल तर जन्मनाव. बदक-चकतीचा अर्थ ‘रा देवाचा पुत्र’. पुतळ्यावर नाव दिसलं की लगेच तो त्याच राजाचा मानू नका. रामसेस दुसऱ्याने आणि त्याचा मुलगा मेर्नेप्ताहने जुने पुतळे सर्रास आपल्या नावावर केले. बाजूने पाहा: चौकटीतला भाग भोवतालच्या पृष्ठभागापेक्षा खोल गेला असेल, किंवा नव्या अक्षरांमागे जुन्या रेघा उरल्या असतील, तर आधीचं नाव खरवडलेलं आहे. नवीन राज्याच्या दालनांत अशीच दुसरी खूण शोधता येते. फक्त सूर्यचकतीची पूजा मानणाऱ्या आखेनातेन राजाने अमुन देवाचं नाव जिथे दिसेल तिथे खोडायला लावलं आणि त्याच्यानंतर ते पुन्हा कोरलं गेलं. अमुन लिहितात ते बोरूचं पान, सोंगट्यांचा पट आणि पाण्याची नागमोडी रेघ असं. एवढाच चौकोन खोलगट दिसला तर त्या एका शब्दावर दोनदा छिन्नी चालली आहे. समोर उभं राहून हे कधीच दिसणार नाही, तिरपा उजेड लागतो. म्हणून खिडकीची बाजू धरून उभं राहायचं.

वर जाताना पाय दुखायला लागलेले असतात, तेव्हा वरच्या मजल्यावर दोनच ठिकाणं ठरवून ठेवा. पहिलं युया आणि त्जुयाचं. राणी तीयेचे हे आईवडील. त्यांचं थडगं राजांच्या खोऱ्यात १९०५ मध्ये ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ क्विबेलला सापडलं आणि तुतनखामन सापडेपर्यंत, म्हणजे १७ वर्षं, तेच सगळ्यात भरलेलं थडगं मानलं जात होतं. एकात एक बसणाऱ्या शवपेट्या, रथ, खुर्च्या, पलंग. शवपेट्या लहान-मोठ्या क्रमाने लक्षात घ्या, मग कळतं की प्रत्येक पेटीत किती थोडी फट ठेवली होती. त्जुयाच्या मुखवट्यावर लिननच्या तलम कापडाचे काळे पडलेले तुकडे अजून चिकटलेले आहेत. घाण नव्हे ती. मुखवट्यावर पांघरलेला पडदा होता.

दुसरं ठिकाण तानिसचा खजिना, आणि माझ्या लेखी या इमारतीत सगळ्यात अन्याय झालेली जागा हीच. फ्रेंच पुरातत्त्वज्ञ पिएर माँतेने १९३९-४० मध्ये नाईलच्या त्रिभुज प्रदेशात, तानिस इथे, एकविसाव्या-बाविसाव्या घराण्याच्या राजांची थडगी उघडली, त्यात प्सुसेनेस पहिल्याचं थडगं चोरांनी न शिवलेलं होतं. युरोपात महायुद्ध सुरू झालं होतं, बातमी बुडाली. इथे सोन्याचा मुखवटा तर आहेच, पण आधी चांदीची शवपेटी पाहा. इजिप्तला सोनं आपल्या वाळवंटातून आणि दक्षिणेच्या नूबियातून मिळे, चांदी बाहेरून आणावी लागे, त्यामुळे ती दुर्मीळ. बाविसाव्या घराण्यातल्या शेशोंक दुसऱ्याच्या चांदीच्या पेटीला तर ससाण्याचं डोकं आहे. या थडग्यांत लाकडी सामान, कापड, पपायरस का दिसत नाही, असा प्रश्न पडेल. त्रिभुज प्रदेशातली ओल ते खाऊन गेली. धातू आणि दगड तेवढे राहिले. राजांच्या खोऱ्यातल्या कोरड्या खडकात खुर्चीची वीणसुद्धा टिकते, इथे राजाचं शरीरही हाडांपुरतंच उरलं.

पाट्यांवर ‘जे ई’ किंवा ‘सी जी’ असे आकडे असतात. पहिला संग्रहालयाच्या आवक नोंदवहीचा, दुसरा छापील सूचीचा. वस्तूबरोबर या आकड्याचाही फोटो काढा, कारण काही जुन्या पाट्यांवर बाकी माहिती ओळभरच असते आणि नुसत्या नावाने शोधलं तर एकाच माणसाचे चार पुतळे समोर येतात. आकडा टाकला की नेमका तोच पुतळा, सापडल्याची जागा आणि वर्ष यांसह मिळतो. वस्तू तीन संग्रहालयांत हलवल्या जात असतात, म्हणून एखाद्याच वस्तूसाठी जात असाल तर ती सध्या कुठे आहे हे आधी विचारून घ्या.

बाहेर पडण्यापूर्वी प्सुसेनेसची गुलाबी ग्रॅनाइटची मोठी शवपेटी गाठा. ती मुळात त्याची नव्हेच. त्याच्याही दीडशेहून अधिक वर्षं आधी मेलेल्या मेर्नेप्ताहच्या थडग्यातून ती उत्तरेला आणली आणि नावं खोडून नवी कोरली. झाकणावर आडव्या कोरलेल्या राजाच्या कमरपट्ट्याकडे पाहा. तिथली एक चौकट तशीच राहिली आहे, तिच्यात अजूनही मेर्नेप्ताहचं नाव आहे.